शोधल्याशिवाय दिसत नाही

चंदनबालाबाईंनी फोन कानापासून असा लांब धरला, जसं काही त्यातून झुरळच निघालं होतं. मग तो ओट्यावर पालथा ठेवला आणि नळाखाली हात धुतले.

झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेल्या त्यांच्या यजमानांनी, सुकुमारमामांनी, कोण होतं म्हणून विचारलं.

"फलटणकडची बाई हुती कोण तर. बनुबाई म्हणं. कांदा लसूण मसाला पायजे म्हणाली. आपल्याकडचा."

"आपल्याकडचा?"

"चंदनबालाचाच का, म्हणून दोनदा इचारलं मी. व्हय म्हणाली. म्होरं आणि म्हणते, आवं ताई, लसूण सढळ हातानं घालता न्हवं?"

मामांचा झोपाळा थांबला. स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी असलेली बाईंची भाची सृष्टी मात्र जागच्या जागी गार पडली. घरातल्या दोघांना त्या फोनचा अर्थ लागत नव्हता, तिला लागला होता.

सातारा-सांगलीकडे नुसता मसाला म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कांदा लसूण मसालाच येतो. उन्हाळा लागला की गल्लोगल्ली मिरची कुटायचे डंक धडधडायला लागतात, खकाणा उठतो, जाणारे-येणारे शिंकत जातात. आमटीत तोच, रश्श्यात तोच, आणि काही नसलं तर भाकरीवर तेल टाकून तोच. पोरगं सैन्यात निघालं की आई त्याच्या ट्रंकेत कपड्यांच्या आधी मसाल्याचा डबा ठेवते. आणि या मसाल्याच्या मुलखात, विश्रामबागेतल्या या जैन घरात, लसणाची पाकळी कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. जमिनीखाली वाढणारं खायचं नाही, कारण ते उपटताना लाखो जीव मरतात, हा नियम सृष्टीच्या आजीच्याही आधीपासून चालत आलेला. चंदनबालाबाईंचा मसाला त्याच नियमातून जन्मलेला होता. ब्याडगी मिरची, धने, तीळ, भाजलेलं खोबरं आणि लसणाच्या जागी हिंग. सार्वजनिक डंकावर आधीच्या गिऱ्हाइकाचा लसूण चिकटलेला असतो, तो आपल्यात उतरायला नको म्हणून त्यांनी परसात पत्र्याची शेड मारून स्वतःचा डंक बसवला होता. त्या डंकावर दुसऱ्या कुणाची मिरची चढत नसे, सख्ख्या जावेचीसुद्धा.

दहा वर्षं हे असं चाललं होतं. तरीही समाजातल्या काही बायका 'विकायला केलेला मसाला तो, त्याची खात्री कोण देणार' म्हणून नाक मुरडायच्या. बाई ते ऐकून घ्यायच्या. पण यंदा गावात पंचकल्याणक महोत्सव, म्हणजे मंदिरातल्या नव्या मूर्तीच्या प्रतिष्ठापनेचा सोहळा, होता. हजारो माणसं जेवणार होती, आणि त्या भोजनशाळेला लागणारा सगळा मसाला चंदनबालाचा घ्यायचा, असं समितीचे आदगोंडा आण्णा सभेत सगळ्यांदेखत म्हणाले होते. त्या दिवशी बाई घरी आल्या आणि परसात जाऊन डंकाला हळदीकुंकू वाहून आल्या. त्यांच्या लेखी ती नुसती ऑर्डर नव्हती. आपला हात शुद्ध आहे, असं उभ्या समाजानं एकदा म्हटलं होतं.

दुपारपर्यंत आणखी फोन आले. वाईचा एक हॉटेलवाला. कराडची एक शिक्षिका. शिवतेज नावाचा एक जवान सुट्टीवरून परत निघाला होता, त्याला अख्ख्या तुकडीसाठी मसाला न्यायचा होता. त्यानं आधी आदरानं 'काकू' म्हटलं, मग विचारलं की लसणाचा वास बराकीत राहतो का, कारण मागच्या वेळी एका पंजाबी साहेबांनी तक्रार केली होती. बाई प्रत्येकाला सांगत राहिल्या, आमच्यात लसूण घालत न्हाईत, बाबा. पलीकडून प्रत्येक जण तेच म्हणत होता, मोबाईलवर तर तसंच दिसतंय की.

सृष्टी जिना चढून आपल्या खोलीत गेली आणि तिनं लॅपटॉप उघडला.

ती साताऱ्याची. वडील तिथं बँकेत. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला म्हणून ती आत्याकडे सांगलीला आली आणि पदवी झाल्यावरही नोकरीचा शोध चालू असल्यानं राहिली होती. घरात बसून काय करायचं, तर आत्तीच्या मसाल्याची वेबसाईट तिनं करून दिली. फोटो तिनेच काढले. मजकूर तिनेच लिहिला. साईट सुंदर झाली, पण तिच्याकडे कुणी फिरकेना. मग तिनं अभ्यास सुरू केला. लोक शोधताना नेमके कोणते शब्द टाकतात, कोणता शब्द किती वेळा टाकला जातो, हे दाखवणारी साधनं असतात. त्यातले आपल्या धंद्याचे शब्द निवडायचे आणि पानावर योग्य जागी पेरायचे, की शोधणाऱ्याला आपलं पान वर दिसतं.

तिला हे काम फार आवडलं. माणसं तोंडानं एक बोलतात आणि शोधताना भलतंच लिहितात, हे तिला त्या आकड्यांत पहिल्यांदा दिसलं. 'जैन मसाला' शोधणारे थोडे होते. 'कांद्या-लसणाशिवाय मसाला' असं लिहिणारे तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आणि 'कांदा लसूण मसाला' शोधणाऱ्यांचा आलेख पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता.

तिनं शास्त्राच्या माणसासारखा विचार केला. ज्याला लसूण नको आहे, तोही शोधताना लसूण हा शब्द लिहितोच. म्हणजे तो माणूसही याच गर्दीत कुठंतरी आहे. आपण गर्दीत जाऊन उभं राहू, ज्याला हवं तो आपल्याला ओळखेल. तिनं एक लेख लिहिला, कांदा लसूण मसाला आणि आमचा मसाला यांत फरक काय, असा. पानाच्या मथळ्यात ते तीन शब्द घातले. फोटोच्या मागे लपलेल्या वर्णनात घातले. मग एका वेळी एकच बदल करायचा, थांबायचं, आकडे बघायचे, असं पद्धतशीर करत गेली. साईट हळूहळू वर सरकू लागली. तिला त्याचा अभिमान वाटला होता. कोणता शब्द निवडला, हे मात्र तिनं आत्तीला सांगितलं नव्हतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे तिच्या मनातच आलं नाही.

आत्तीला काळजी होती ती वेगळीच. साईटवर आपला फोटो घालू नको, असं तिचं म्हणणं.

"डोक्यावर पदर घेतलाय खरं, पन येणारा-जाणारा कुणीबी बघणार की गं मला."

"आत्ती, ही दुकानाची पाटी नाही," सृष्टीनं समजावलं होतं. "रस्त्यानं जाणाऱ्याला काही दिसत नाही. जो शोधतो त्यालाच दिसतं. शोधल्याशिवाय दिसत नाही."

हे पटल्यावरच आत्तीनं फोटो घालू दिला होता.

आता सृष्टीनं ते तीन शब्द स्वतः शोधून पाहिले. सगळ्यात वर तिचीच साईट होती. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला आनंद झाला. मग तिनं नीट पाहिलं. डोक्यावर पदर घेतलेली, हात जोडून उभी असलेली चंदनबालाबाई, आणि तिच्या पायाशी ठळक अक्षरांत कांदा लसूण मसाला, सांगली. फरक काय ते सांगणारा लेख होता खाली कुठंतरी, पण खाली कुणी जात नव्हतं. माणसं वरचं वाचून फोन करत होती.

गर्दीत उभं राहिलं की हवं ते माणूस आपल्याला ओळखेल, हे तिचं गृहीतक होतं. गर्दीनं तिच्या आत्तीला आपल्यातलंच एक समजलं होतं. आणि या गर्दीत महोत्सव समितीतलं कुणी असलं तर?

तिनं मथळा बदलला, लेख काढला, फोटोमागचे शब्द पुसले. पुन्हा शोधलं. काहीच बदललं नव्हतं. पान आज बदललं, तरी शोधणाऱ्या यंत्राच्या आठवणीत जुनंच राहतं. ते फिरून पुन्हा आपल्या दारात येईपर्यंत वाट बघायची, एवढंच हातात असतं. हे तिला माहीत होतं. तरी तिनं पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं.

मग ती खाली गेली आणि सांगून टाकलं.

चंदनबालाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात ताटात तसाच राहिला. त्या रागावल्या असत्या तर सृष्टीला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त एकच विचारलं, "माझ्या फोटूखाली?"

"हो."

"लसूण म्हणून लिहिलंय?"

"हो, आत्ती. पण मी काढलंय आता. चार-आठ दिवसांत..."

बाई उठल्या, मागच्या दारानं परसात गेल्या आणि डंकाच्या शेडला कुलूप घालून आल्या. का, ते त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. मामा तेवढे म्हणाले की एवढं काय, समजावून सांगू लोकांना. बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मामांनी पुन्हा पेपर उचलला, आणि तो उलटा धरलाय हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.

आदगोंडा आण्णा त्याच दिवशी आले. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून माणसं ओसरीवर बसतात, त्या वेळेला, उजेड असतानाच. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी. सत्तरी उलटलेला ताठ माणूस. मुनी महाराजांपुढे उभं राहून त्यांनी कंदमुळाचा आजन्म त्याग केला होता, त्याला बरीच वर्षं झाली. पर्युषणात त्यांचं प्रवचन असलं की बायका पोरांना मुद्दाम घेऊन यायच्या. जमिनीखालच्या एका गड्ड्यात किती जीव असतात, हे ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला रस्त्यावरचा भाजीचा गाडासुद्धा बघवू नये.

जय जिनेंद्र झालं. सृष्टीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आज नको," आण्णा म्हणाले.

तांब्या तिच्या हातातच राहिला. या घरी आण्णांनी पाणी नाकारलं, असं कधी झालं नव्हतं. पाणी नको म्हणजे काय, ते तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आत्तीचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला.

आण्णा सावकाश बोलले. आवाज चढवला नाही. समाजात कुजबुज सुरू झालीय. सभेत मी सगळ्यांदेखत शब्द टाकला, या घरचा मसाला म्हणजे डोळे झाकून घ्यावा, असं म्हणालो. आता लोक मला विचारणार. त्यांना काय सांगू? महोत्सवाची भोजनशाळा आहे, तिथं त्यागी माणसं बसणार, व्रती बसणार. मामा मध्ये काही म्हणू गेले, तेव्हा आण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"चंदनवैनी, तुमच्यावर माजा इस्वास हाय. पन तुमच्या फोटूखाली त्यो शब्द म्या माज्या डोळ्यानं बघितला. दुसरीकडं मसाला सांगावा लागंल मला."

आत्ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

सृष्टीला राहवलं नाही. चूक सगळी माझी आहे, असं तिनं सांगितलं. शब्द कसे निवडतात, आकडे कसे बघतात, आपण काय समजलो आणि काय झालं, सगळं नीट क्रमानं सांगितलं. आण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, चूक पोरीची असंल बाळ, पण नाव कुणाचं गेलं?

सृष्टीच्या डोक्यात मात्र दुसरंच काहीतरी कुरकुरायला लागलं होतं. गणितात एखादी पायरी सुटली की तिचं असंच व्हायचं. पायरी कुठली ते कळायच्या आधीच तोंडातून प्रश्न गेला.

"पण आण्णा, तुम्हाला हे कुणी दाखवलं?"

"दावायला कोण कशाला पायजे. म्या सोता बघितलं."

"स्वतः? म्हणजे आमच्या साईटवर जाऊन?"

"साईट-बिट मला काय कळतं. मोबाईलवर आलं समोर."

"पण ते आपोआप समोर येत नाही. ते..."

वाक्य अर्ध्यात तुटलं, कारण आत्तीनं मान वर केली होती. शोधल्याशिवाय दिसत नाही. दोघींच्या मनात एकाच वेळी तेच आलं, हे सृष्टीला आत्तीच्या डोळ्यांत दिसलं. आत्तीनं अगदी हलकेच मान हलवली. नको.

पण आण्णांना वाटलं की पोरगी आपल्याला खोटं पाडतेय. त्यांचा मानी स्वभाव उफाळून आला.

"येत न्हाई? मग म्या काय सपान बघितलं? थांब, दावतो तुला." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "हितं असं दाबलं, की..."

ते बोटानं दाबत होते आणि घरच्यांना नीट दिसावं म्हणून मोबाईल समोर, अर्धवट त्यांच्याकडे वळवून धरत होते. शोधायच्या चौकटीवर बोट टेकलं. आण्णा आता खाली अक्षरांत 'क' शोधण्यात गुंतले. आणि चौकटीखाली, एखादा पडदा सुटावा तशी, त्यांनी याआधी शोधलेल्या शब्दांची रांग उलगडली. प्रत्येक ओळीच्या आधी घड्याळाचं बारकं चिन्ह. हे तुम्ही पूर्वी शोधलंय, असं सांगणारं.

कांदा लसूण मसाला सातारी.

कांदा लसूण मसाला घरगुती फलटण.

कांदा लसूण मसाला थोडाच मिळेल का सांगली.

लसणाचा वास तोंडातून जायला उपाय.

घेतलेला नियम मोडला तर प्रायश्चित्त काय.

सृष्टीच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी तिच्या पायावर सांडलं, ते तिला समजलंच नाही. तिनं त्या ओळी पुन्हा वाचल्या. आपण चुकीचं वाचतोय असं तिला वाटलं, मग आपण चुकीच्या माणसाचा मोबाईल बघतोय असं वाटलं. आजवर तिनं हजारो माणसांचे शब्द पाहिले होते. पण ते सगळे आकडे होते. त्यांच्यापुढे टोपी घातलेला, चष्मा लावलेला, 'क' शोधणारा एक म्हातारा कधी नव्हता. ही शेवटची ओळ कधी लिहिली असेल यांनी? प्रवचनाच्या आधी, की नंतर?

"हां, क सापडला," आण्णा म्हणाले. "आता काना..."

चंदनबालाबाई उठल्या. दोन पावलं पुढे आल्या आणि आपला तळवा त्यांनी मोबाईलवर अलगद पालथा ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा. बघितलं आमी."

आवाजात काही नव्हतं. राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यामुळंच की काय, आण्णांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग सृष्टीच्या ओल्या पायांकडे पाहिलं, आणि मग मोबाईल आपल्याकडे वळवला.

ओसरीवर झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती. आण्णा वाचत होते. ओठ हलत होते. वाचून झालं तरी ते तिथंच बघत राहिले. त्यांनी मोबाईल बंद करायला बोट दाबलं, ते चुकून भलतीकडे गेलं, आणि ती रांग पुन्हा उघडली. शेवटी त्यांनी मोबाईल तसाच उजळलेला छातीशी सदऱ्यावर धरला, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसले.

सृष्टीला वाटलं, आता आत्ती बोलेल. बोलायला हवंच. न्यायाचा तराजू घेऊन आलेला माणूसच आज स्वतः पारड्यात बसला होता. एक वाक्य पुरलं असतं. तिनं आत्तीकडे पाहिलं.

"सृष्टी," आत्ती म्हणाली, "आण्णांना पाणी आण. ह्ये सांडलंस की सगळं."

तिनं दुसरा तांब्या भरून आणला. आण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वरून धार धरून सगळा संपवला. शेवटचे दोन घोट सदऱ्यावर सांडले.

मामांना तर काय झालं तेच कळलं नव्हतं. ते एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. मग आण्णा घसा खाकरून म्हणाले,

"त्यो शब्द काढलाय न्हवं?"

"काढलाय, आण्णा," सृष्टी म्हणाली. "दिसायचा बंद व्हायला थोडे दिवस लागतील."

"लागू द्यात." ते उठले. टोपी घातली, ती तिरकी बसली, पण सारखी केली नाही. "म्होत्सवाचा मसाला तुमचाच, वैनी. कुनी इचारलं तर माझ्याकडं धाडा. म्या बघतो."

बाईंनी हात जोडले. ते पायऱ्या उतरले. फाटकापाशी पोचले, कडी काढली, पण बाहेर गेले नाहीत. तिथंच पाठमोरे थांबले. मामांनी दबक्या आवाजात सृष्टीला सांगितलं की आण्णा तरुणपणी फलटणकडं साखर कारखान्यात होते, एका म्हातारीच्या शाकाहारी खानावळीत वर्षानुवर्षं जेवले, त्या आमटीचं ते नाव काढायचे पूर्वी. मामांना ही गोष्ट आत्ताच का आठवली, ते त्यांनाही माहीत नसावं. किंवा असावं.

चंदनबालाबाई फाटकाकडे गेल्या. सृष्टी पायरीवर उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"आण्णा, सुनंला सांगा. खोबरं भाजताना पार काळपट करायचं, करपू द्यायचं न्हाई. त्यात हिंग जरा जास्त, आन् तीळ फोडून. फोडणीत टाकताना गॅस बारीक करायचा." त्या किंचित थांबल्या. "जवळजवळ तसंच लागतंय. अगदी तसं न्हाई, पन भागतंय."

आण्णांनी मान हलवली. वळून पाहिलं नाही. फाटक लावून गेले.

आत्ती परत आली, कोनाड्यातली किल्ली घेतली, परसात जाऊन डंकाच्या शेडचं कुलूप काढून आली. मग स्वयंपाकघरात येऊन दुपारपासून तसंच पडलेलं तांदळाचं ताट मांडीवर ओढलं. सगळं पूर्ववत झालं होतं. नाव वाचलं होतं. सृष्टीनं मोकळा श्वास घ्यायला हवा होता. पण सुटलेली पायरी आता तिला दिसली होती, आणि ती आण्णांची नव्हतीच.

"आत्ती."

"काय गं."

"तसंच लागतं, हे तुला कसं माहीत?"

आत्तीनं एक खडा वेचला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग आणखी एक. तो खडा नव्हता, तांदळाचाच दाणा होता.

ज्या बाईनं लसणाच्या वासापायी स्वतःचा डंक बसवला, सख्ख्या जावेची मिरची त्यावर चढू दिली नाही, ती तांदूळ निवडत होती. सृष्टीला आपल्याच प्रश्नाची भीती वाटली. तो परत घेता आला असता तर तिनं घेतला असता.

"माझ्यापन मोबाईलमधी," आत्ती शेवटी ताटाकडे बघतच म्हणाली, "असंच उघडतं?"

"कसं?"

"आण्णांचं उघडलं तसं. घड्याळं घड्याळं."

"हो," सृष्टी म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "सगळ्यांच्याच उघडतं."

आत्तीनं ओट्यावरचा मोबाईल घेतला. सकाळी पालथा ठेवला होता तसाच तो पालथाच उचलला आणि पदराखाली धरला.

"पुसता येतं काय ते?"

"येतं. दे, मी पुसून देते."

"न बघता?"

सृष्टी खोटं बोलू शकली असती. "न बघता कसं येईल," ती म्हणाली. "उघडल्याशिवाय पुसता येत नाही."

आत्तीनं विचार केला. मग ताट बाजूला सारून भिंतीला टेकून बसली. "मग मला शिकीव. मी पुसते. तू तिकडं तोंड कर."

आणि एम.एस्सी. झालेली, महिनोन्महिने अनोळखी माणसांचे शब्द मोजत बसलेली सृष्टी, फडताळाकडे तोंड करून उभी राहिली. समोर हळदीचा डबा होता, हिंगाचा डबा होता. तिनं हिंगाच्या डब्यावरचं लेबल वाचायला घेतलं, म्हणजे लक्ष दुसरीकडे जाईल.

"वर उजवीकडे गोल दिसतोय? त्यात तुझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे."

"हाय."

"त्याला हात लाव. मग शोधलेल्याची यादी येईल, ती उघड."

मागून आत्तीनं अगदी हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, "अगं बाई. इतकं सगळं ठिवतंय व्हय ह्ये."

सृष्टीनं हिंगाचं लेबल पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. काय काय ठेवलंय, हे विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि इतकं अवघड काम तिनं आजवर केलं नव्हतं.

बाहेर झोपाळ्याची कडी वाजायची थांबली.

"तिचं झालं की मला हाक मार गं, सृष्टे," सुकुमारमामा पेपरामागून म्हणाले. "माझंपन जरा असंल त्यात."